खिडकी पुढे, कपाट आत
तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रंही आहेत. दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी हा संग्रह खूप वाढवला. १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. पण खुला म्हणजे कुणीही यावं आणि ताडपत्रांच्या कपाटात हात घालावा, असं नव्हे! जुन्या पोथ्यांच्या संग्रहात वाचकाने मागणी नोंदवायची आणि कर्मचाऱ्याने पोथी आणून द्यायची, हीच रीत बरी.

इंटरनेटवर हे काम 'रिव्हर्स प्रॉक्सी' करतो. समजा, एखाद्या संस्थेने जुन्या कागदांची छायाचित्रं आतल्या सर्व्हरवर ठेवली आहेत. तुमच्या मोबाइलची मागणी आधी प्रॉक्सीकडे जाते. तो आतून पान आणून तुम्हाला देतो. एखादं पान वारंवार मागितलं जात असेल, तर त्याची प्रत स्वतःजवळ ठेवतो, म्हणजे आतल्या सर्व्हरवरचा ताण कमी होतो. 'एचटीटीपीएस'चं कुलूपही तोच सांभाळतो. २००४ मध्ये आलेलं 'एंजिन-एक्स' हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरतात.

मात्र एक चूक महागात पडते. पुढे खिडकी बसवली, पण मागचं दार उघडंच राहिलं, तर चोर खिडकीशी कशाला थांबेल? म्हणून आतल्या सर्व्हरने फक्त प्रॉक्सीचीच मागणी स्वीकारावी, बाकी सगळ्यांना फायरवॉलने अडवावं.

तुमच्या शाळेची किंवा सोसायटीची वेबसाइट सांभाळणाऱ्यांना एवढंच विचारा, "मागचं दार लावलंय ना?"