कपाटाबाहेरच्या भेटी

तंजावूरची मान डोलावणारी बाहुली बाळासाठी भेट म्हणून नेली, तर ती बाळाच्या हातात जात नाही. काचेच्या कपाटात जाते. बाळ खाली सतरंजीवर बसून तिच्याकडे बोट दाखवतं, घरातलं कुणीतरी कपाट उघडून तिच्या डोक्याला टिचकी मारतं, ती मान डोलावते, सगळे हसतात आणि कपाट पुन्हा बंद होतं. नोकरीनिमित्त इथं तंजावूरला राहायला आल्यापासून हा प्रकार मी बऱ्याच घरांत पाहिला. त्यामुळे इथल्या एका मित्राकडे मुलगी झाली तेव्हा पूम्पुहारच्या हस्तकला शोरूमची पायरी न चढता घरच्या घरी काहीतरी करून न्यायचं आम्ही नवराबायकोनं ठरवलं. ती मुलगी आता शाळेत जाते. मधल्या काळात आमच्याकडून तिच्याकडे काय काय गेलं आणि त्यातलं काय कामी आलं, त्याचा हा मागोवा.

मराठी घरात बाळ म्हटलं की आधी सुचतं दुपटं, मग कुंची आणि पाळण्यावरचं चिमणाळं. कावेरीच्या खोऱ्यातल्या उकाड्यात कुंची म्हणजे बाळाला शिक्षाच, तेव्हा ती बाद झाली. दुपटं मात्र जमलं. बायकोच्या आजीच्या जुन्या सुती नऊवारीचे दोन पदर एकावर एक ठेवून साधा धावदोरा घातला. नव्या कापडाला तो मऊपणा कधीच येत नाही, तो वर्षानुवर्षांच्या धुण्यानंच येतो. मित्राच्या घरच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘साडी कुणाची?’ आजीची म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि दुपटं थेट तूळीत अंथरलं.

तूळी म्हणजे छताच्या कडीला साडी बांधून केलेली झोळी. तमिळ घरात बाळ त्यात झोपतं. आमचं कापडी चिमण्यांचं चिमणाळं तिथं टांगायचं कुठं, हा प्रश्न झाला. झोळीत झोपलेल्या बाळाला दोन्ही बाजूंनी साडीच दिसते, वर नुसती चिंचोळी फट. शेवटी चिमण्या खिडकीच्या गजांना गेल्या. पुढं मुलगी गज धरून उभी राहायला लागली तेव्हा त्यांचा खरा उपयोग सुरू झाला, आणि वर्षभरात सगळ्यांच्या चोची कुरतडून झाल्या.

पुढची वस्तू ताडाच्या पानाची. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष. त्याचं कोवळं, फिकट पान वाळवून, पट्ट्या काढून विणलेला खुळखुळा पूर्वी इथल्या जत्रांमध्ये सर्रास विकला जायचा. तमिळमध्ये त्याला किलुकिलुप्पै म्हणतात आणि नावातूनच तो वाजतो. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या जुन्या पोथ्यांचं पान याच जातकुळीतलं. एकाच झाडाच्या एका पानावर शास्त्र कोरलं गेलं आणि दुसऱ्या पानात खडे भरून ते बाळाच्या हातात दिलं, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. विणायला आम्ही बाजारातल्या एका टोपल्या विणणाऱ्या बाईंकडून शिकलो. आत चिंचोके घातले. गुंजा दिसायला सुरेख. पण त्या विषारी, तेव्हा त्यांना हातही लावायचा नाही. आणि चिंचोका बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून वीण घट्ट हवी, आणि एक पट्टी जरी सुटली तरी खुळखुळा लगेच काढून घ्यायचा. ताडाचं पान वाळलं की चिरतं. एक खुळखुळा फार टिकत नाही. तो संपला की दुसरा विणायचा.

इथल्या भेंडकामाचाही मोह झाला होता. तळ्यात वाढणाऱ्या एका झाडाचा पांढरा, हलका गाभा तासून तंजावूरचे कारागीर बृहदीश्वराच्या मंदिराची प्रतिकृती करतात. तमिळमध्ये याला नेट्टी म्हणतात आणि 2020 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण भेंड बोटानं दाबलं तरी खचतं. ते पुन्हा कपाटाचंच काम.

मुलगी रांगायला लागल्यावर मात्र आम्ही बाहुलीकडे वळलो. मान डोलावणाऱ्या नव्हे, दुसऱ्या. तंजावूरच्या बाहुल्या दोन तऱ्हेच्या. नाचणारीचे घागरा, धड, डोकं असे वेगवेगळे भाग तारेवर तोललेले असतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे डुलतो. दुसरी राजाराणीची जोडी, बूड गोल, कितीही आडवी पाडली तरी उठून बसणारी. ही जोडी तंजावूरच्या मराठा राजा सरफोजींच्या काळातली असं इथं सांगतात. जवळच्या पुन्नैनल्लूरच्या मारीअम्मन देवळाच्या परिसरात आजही बाहुल्या होतात. साच्यात कागदाचे थर चढवून वरचं अंग पोकळ आणि हलकं करायचं, बुडाशी माती भरून ते जड करायचं, जोडायचं, वाळवायचं, रंगवायचं. 2008-09 मध्ये तंजावूरच्या बाहुलीला भौगोलिक मानांकन मिळालं.

घरी साचा कुठला? आम्ही नारळाची अर्धी करवंटी घेतली, डोळ्यांच्या उलट बाजूची. तळाशी ओली माती थापली, वर वर्तमानपत्राच्या लगद्याचा शंकू चढवला. यातली सगळी मेख मातीत आहे. करवंटीच्या गोलाईचा जो मध्यबिंदू, त्याच्या खाली साऱ्या बाहुलीचं वजन यायला हवं. ते खाली असलं की बाहुली उठते, वर गेलं की आडवी पडून राहते. म्हणून माती फक्त तळाला, काठापर्यंत भरायची नाही. आणि डोकं जितकं हलकं तितकं बरं. लगद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. जे तोंडात जाणार हे ठरलेलंच आहे, त्यात विष कशाला? आम्ही ते घातलं नाही, आणि रंगाच्या जागी हळद आणि बीट वापरलं. राणी जरा आजारी दिसत होती. मुलीनं तिला बडवून बडवून काही महिन्यांत तिचा भुगा केला. खेळण्याचं सोनं होतं ते असं.

इथं एक कंस उघडतो. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीधारकांना त्यातून सूट आहे. पुन्नैनल्लूरच्या कारागिराला प्रयोगशाळेच्या रांगेत उभं करणं अन्यायच झाला असता, त्यामुळे सूट योग्यच. पण सूट मिळाली म्हणून तकतकीत ऑइलपेंटची बाहुली दात येणाऱ्या बाळाच्या हातात द्यावी असं नव्हे. तिला कपाटात ठेवणाऱ्या मोठ्यांची बाजू या एका बाबतीत मला मान्य आहे.

मुलगी बोलायला लागली तेव्हा पुस्तक केलं. तमिळ लग्नपत्रिका जाडजूड असतात, कोपऱ्यांना हळद लावलेल्या. त्यांच्या कोऱ्या बाजू पुठ्ठ्यासारख्या चिकटवून पानं झाली. गोष्ट कावळ्याची. इसापच्या कावळ्याच्या चोचीत चीजचा तुकडा असतो. तमिळ घरात एक पाट्टी वडे तळत बसलेली असते आणि कावळा त्यातला वडा पळवतो, कोल्हा त्याला गायला लावतो. डाव्या पानावर मराठी, उजव्यावर तमिळ.

हे करताना सारखी आठवण होती ती ‘बालबोधमुक्तावली’ची. 1806 साली, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू असताना, सरफोजींच्या तंजावूरच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. भाषांतर सख्खण पंडितांचं. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांतलं हे एक, आणि ते मुलांसाठी. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या शिकवणीत वाढलेल्या या राजाला वैद्यकापासून संगीतापर्यंत सगळ्याची हौस; पण पोरांसाठी कोल्ह्याकावळ्याच्या गोष्टींचे खिळे जुळवून घेणं हे मला त्याचं सगळ्यांत लोभस काम वाटतं.

पुस्तकातलं शेवटचं पान आम्ही कोरं ठेवलं होतं, पत्रिका संपल्या म्हणून. मुलीनं त्यावर खडूनं कावळ्यासाठी दुसरा वडा काढला, मग तिसरा. छापील पुस्तकं तिच्याकडे ढीगभर आली. वारंवार उघडलं गेलं ते हे. तेव्हापासून आमच्या भेटींची तऱ्हा बदलली. पुरी झालेली वस्तू न्यायची नाही. काहीतरी उरवून न्यायचं.

इथल्या नवरात्रात हे आधीपासूनच आहे, फक्त आमचं लक्ष गेलं नव्हतं. विषम संख्येच्या पायऱ्यांवर कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास, मांडतात, दरवर्षी त्यात निदान एका नव्या बाहुलीची भर पडावी असा संकेत असतो, आल्या-गेल्याला सुंडल म्हणजे कडधान्याची उसळ आणि हळदकुंकू. इथली जुनी मराठी घरंही हे तितक्याच हौसेनं करतात. सगळ्यांत मानाची जोडी मरप्पाची, रक्तचंदनाच्या लाकडाची. मुलीच्या लग्नात आई ती देते. आणि ही जोडी येते ती नुसती लाकडाची. तिला दरवर्षी नवे कपडे घरातल्यांनी करायचे. जरीचे तुकडे, क्रेप कागद, मोडक्या माळेचे मणी. मित्राच्या घरची जोडी पाट्टींच्या लग्नातली, झिजून नाकडोळे पुसट झालेली. गेली काही वर्षं आमच्याकडून नवरात्रात एक डबा जातो: कापडाचे तुकडे, सुईदोरा, टिकल्या, काठाच्या पट्ट्या. शिवायला बसतात पाट्टी आणि मुलगी, आम्ही सुंडल खात सूचना देतो.

या वर्षी मुलीची मागणी आली आहे की राणीला शाळेचा गणवेश हवा, बाह्यांसकट. पाट्टींचं म्हणणं, मरप्पाचीचे हात अंगाला चिकटूनच कोरलेले असतात, बाही चढणार कशी? म्हणून तिला कायम गुंडाळायचं तेच नेसवतात. तूर्तास तडजोड अशी झाली आहे: खाली निळा परकर, वरून पांढरी पट्टी गुंडाळायची आणि खांद्यावरून दप्तर. दप्तराचं कापड आमच्याकडून जायचं आहे. ते खाकी हवं की लाल, यावर अजून फोन चालू आहेत.