मधुमेह्याची बेशुद्धि आणि घरचीं माणसें

एका आषाढी एकादशीची गोष्ट. आमच्या निकटच्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंनीं नित्याप्रमाणें सकाळीं मधुमेहाची गोळी घेतली, आणि उपवास म्हणून कपभर दुधाखेरीज कांहींच घेतलें नाहीं. दुपारीं त्या एकाएकीं चिडचिड करूं लागल्या. सुनेला भलत्याच नांवानें हांक मारली. कपाळ घामानें डबडबलें. "उपासानें पित्त खवळलें असेल, पडूं द्या घटकाभर," असें म्हणून घरच्यांनीं खोलीचें दार ओढून घेतलें. दिवेलागणीस सून उठवावयास गेली, तों सासूबाई कांहीं केल्या जाग्या होईनात. डॉक्टरांनीं येऊन बोटाच्या रक्ताचा थेंब तपासला, शिरेंतून ग्लुकोज दिलें, आणि थोड्याच मिनिटांत सासूबाईंनीं डोळे उघडून विचारलें, "अग बाई, एवढीं माणसें कां जमलीं?"

शेवट गोड झाला खरा; परंतु दुपारचे ते तास आमच्या मनांतून जात नाहींत. घरांतील सर्व माणसें सुशिक्षित होतीं. रोग सर्वांस ठाऊक होता. त्याची चाहूल मात्र कोणासच ओळखतां आली नाहीं. मधुमेह्याची बेशुद्धि बहुधा आधीं सूचना देऊन येते. पण ती ओळखण्याचें काम रोग्यावर सोंपवून चालत नाहीं, कारण तोंवर त्याचीच बुद्धि मंदावलेली असते. तें काम घरच्यांचें होय.

ही बेशुद्धि एकाच प्रकारची नसते. तिच्या मुळाशीं परस्परविरुद्ध अशीं दोन कारणें असूं शकतात. रक्तांतील साखर फार उतरणें हें एक, व फार चढणें हें दुसरें.

साखर दर डेसिलिटरास ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली, कीं सावध व्हावें. ५४ च्या खालीं गेल्यास मेंदूचें काम बिघडूं लागतें, कारण साखर हेंच मेंदूचें मुख्य खाद्य होय. हें संकट थोड्या वेळांतच ओढवतें. थंड घाम, हातांस कंप, छातींत धडधड, भूक, आणि मग असंबद्ध बोलणें, हट्ट, झोंक जाणें, कधीं आंचके अशीं त्याचीं लक्षणें आहेत. इन्शुलिन घेणारे व ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांना हें भय विशेष. जुन्या रोग्यांत कंप व घाम दिसेनासे होऊन एकदम भ्रमच दिसूं लागतो, हें ध्यानांत ठेवावें.

साखर चढून येणारें संकट बहुधा दिवसा-दोन दिवसांत वाढत जातें. इन्शुलिन अपुरें पडलें, कीं शरीर चरबी जाळूं लागतें व कीटोन नांवाचीं आम्लें रक्तांत सांचतात. अतिशय तहान, वारंवार लघवी, वांत्या, पोटदुखी, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, आणि मग खोल, ओढून घेतलेला श्वास हा त्याचा क्रम. हा श्वास जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यानें १८७४ सालीं वर्णिला, व अद्याप तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. कित्येक मुलांत मधुमेहाचें पहिलें दर्शनच या रूपानें घडतें. पुन्हां अंथरूण ओलें करूं लागलेलें, सुकत चाललेलें मूल केवळ 'पोट बिघडलें' म्हणून घरीं ठेवूं नये. वृद्धांत कीटोन फारसे न सांचतांहि साखर ६०० च्या वर जाते, अंगांतील पाणी आटतें, व ग्लानि येते. मागें बहुधा एखादा जंतुसंसर्ग असतो.

इन्शुलिन नव्हतें तोंवर कीटोनांच्या या बेशुद्धीतून मूल सहसा वाचत नसे. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटोच्या रुग्णालयांत लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास पहिलें इन्शुलिन टोंचलें. तें अशुद्ध असल्यानें गुण आला नाहीं. कॉलिप यांनीं अधिक शुद्ध केलेलें औषध २३ तारखेपासून दिलें, तेव्हां साखर उतरली व लघवींतील कीटोन नाहींसे झाले. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. आज औषध आहे. उणीव असलीच तर ती वेळीं ओळखण्याची.

मग करावें काय? साखर उतरलेला रोगी शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल, तर सुमारें १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यांत विरघळवून लगेच पाजावी. पेढा-बर्फी देऊं नये. स्निग्धतेमुळें त्यांतील साखर उशिरां रक्तांत उतरते. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें, जरूर तर पुन्हां द्यावी, व मग जेवूं घालावें. तपासण्याचें यंत्र नसेल व संशय असेल, तर साखरच द्यावी. ती उतरलेली असल्यास जीव वांचेल. चढलेली असल्यास तेवढ्यानें विशेष बिघडणार नाहीं.

रोगी बेशुद्ध असल्यास मात्र तोंडांत कांहींहि घालूं नये. साखरपाणी नाहीं, मध नाहीं, तीर्थहि नाहीं. तें श्वासनलिकेंत जाऊन प्राण घेईल. त्यास कुशीवर निजवावें, हनुवटी किंचित् वर करावी, व महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंदाजानें इन्शुलिन टोंचूं नये. गोळीमुळें बेशुद्ध झालेला रोगी जागा झाला तरी त्यास रुग्णालयांत ठेवणें जरूर, कारण गोळीचा अंमल दिवसभर वा त्याहून अधिक टिकतो व साखर पुन्हां उतरते.

आतां प्रतिबंध. व्रत करावयाचें तर गोळी व इन्शुलिन यांचें प्रमाण आधींच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें; दुपारीं साखर उतरल्यास उपवास तत्काळ सोडावा. उलट, ताप किंवा वांत्या असतां "जेवलोंच नाहीं, मग इन्शुलिन कशाला?" हा विचार घातक होय, आजारांत शरीराची गरज बहुधा वाढते. दर तीन-चार तासांनीं तपासावें, पाणी पीत राहावें, व वांत्या थांबत नसल्यास रुग्णालय गांठावें. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी न चढतांहि कीटोन सांचूं शकतात. म्हणून केवळ आंकड्यावर विसंबूं नये.

त्या घरीं आतां सासूबाईंच्या उशाशीं साखरेची लहानशी डबी असते, आणि एकादशीस गोळीचा विचार फराळाच्या आधीं होतो. त्या चिडल्या, कीं सून प्रथम बोटाचा थेंब तपासते व मग राग मानते. आमच्या वाचकभगिनींनीं व बंधूंनीं एवढी संवय आपापल्या घरीं लावून घ्यावी, इतकीच आमची विनंति आहे.