मागणीच्या पट्ट्यामागचे गणित

शहर उभारणीच्या संगणकीय खेळांत महापौराचा कारभार खेळाडूच्या हाती असला, तरी घरे, दुकाने आणि कारखाने तो स्वतः बांधत नाही. कोणत्या जमिनीवर काय उभे राहावे हे तो ठरवतो, तिथपर्यंत रस्ते आणि वीज नेतो, कराचा दर निश्चित करतो. त्यानंतर त्या जमिनीवर वस्ती होणार की ती ओसाड पडून राहणार, हे खेळातील गणित ठरवते. जमिनीच्या अशा वापरवार वाटणीला झोनिंग म्हणतात. न्यू यॉर्क शहराने १९१६ साली संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे नियम लागू केले, १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना घटनात्मक मान्यता दिली आणि तिथून ही पद्धत अमेरिकाभर रुजली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होणाऱ्या विकास आराखड्यांतही निवासी, वाणिज्य आणि औद्योगिक असे विभाग नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी दाखवलेले असतात, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही.

खेळात या तीन विभागांची मागणी पडद्यावरील तीन पट्ट्यांनी दाखवली जाते: निवासी हिरवा, वाणिज्य निळा आणि औद्योगिक पिवळा. पट्टा मधल्या रेषेच्या वर असेल तर त्या प्रकारच्या जमिनीला मागणी आहे, खाली गेला तर ती घटली आहे, असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. मात्र या पट्ट्यांकडे पाहून हिरवा वर असताना भराभर घरांची जमीन आखत गेले की शहर काही काळ झपाट्याने वाढते आणि नंतर तितक्याच वेगाने रिकामे होऊ लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पट्टा खोटे बोलतो असे नव्हे, पण तो नेमके काय सांगतो हे समजून घेण्यासाठी त्याच्या मागच्या सूत्रांपर्यंत जावे लागते.

या सूत्रांचा उगम शास्त्रीय संशोधनात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंते जे फॉरेस्टर यांनी प्रणाली-गतिकी ही अभ्यासशाखा विकसित केली, जिच्यात कोणतीही गुंतागुंतीची व्यवस्था साठे, त्या साठ्यांत भर घालणारे किंवा घट करणारे प्रवाह आणि परिणामाने उलटून कारणावर प्रभाव टाकणारी प्रतिसाद-चक्रे यांच्या रूपात मांडली जाते. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून फॉरेस्टर यांनी ही पद्धत शहराला लावली आणि १९६९ साली ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका काल्पनिक शहराची २५० वर्षांची वाटचाल समीकरणांनी रेखाटली आहे. विल राइट या अमेरिकी खेळ-रचनाकाराने हे काम अभ्यासले आणि १९८९ साली मॅक्सिस कंपनीने ‘सिमसिटी’ हा त्याचा खेळ बाजारात आणला. २००८ साली या खेळाचा मूळ संगणकीय आज्ञासंच ‘मायक्रोपोलिस’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुला करण्यात आला, त्यामुळे मागणीचा पट्टा कसा हलतो हे आज कोणालाही ओळीनिशी वाचता येते.

त्या आज्ञासंचात निवासी मागणीचे सूत्र रोजगारापासून सुरू होते. वाणिज्य आणि उद्योग यांतील नोकऱ्यांच्या मागील नोंदींना निवासी लोकसंख्येने भागले की रोजगाराचे गुणोत्तर मिळते; ते एकापेक्षा जास्त असेल तर बाहेरून लोक येतात, कमी असेल तर निघून जातात. या स्थलांतरात २ टक्के जन्मवाढ मिळवली की अपेक्षित लोकसंख्या ठरते आणि ती सध्याच्या लोकसंख्येच्या किती पट आहे यावर मागणीची दिशा ठरते. उदाहरणार्थ, निवासी लोकसंख्या १०० एकके आणि नोकऱ्या ११० असतील तर १० एकके स्थलांतराने व २ जन्माने वाढून अपेक्षित लोकसंख्या ११२ होते, म्हणजे गुणोत्तर १.१२ येते. त्यातून १ वजा करून उरलेल्या भागाला ६०० ने गुणल्यास ७२ हा आकडा मिळतो आणि मागणी प्रत्येक गणनेत तितक्याने वर सरकते.

यानंतर कराचा परिणाम मिळवला जातो. खेळाच्या सर्वांत सोप्या पातळीवर ७ टक्के कराचा परिणाम शून्य, ५ टक्क्यांचा अधिक ५०, ९ टक्क्यांचा उणे ४० आणि १० टक्क्यांचा उणे १०० असा तक्ताच आज्ञासंचात दिलेला आहे. वरील शहरात कर ९ टक्के असेल तर ७२ चे ३२ होतात, तर १० टक्के केल्यास आकडा उणे २८ वर जातो. नोकऱ्या तितक्याच आणि घरेही तितकीच असताना केवळ एक टक्क्याच्या फरकाने वाढते शहर ओसरू लागते. उलट १०० एककांमागे ९० च नोकऱ्या असलेल्या शहरात गणित उणे ४८ येते, पण ५ टक्के कर त्यात ५० ची भर घालून शहराला जेमतेम शून्याच्या वर ठेवतो.

या गणिताचा सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटणारा भाग पुढे येतो. ७२ किंवा उणे ४८ हे आकडे म्हणजे मागणी नव्हे, तर मागणीतील बदल आहेत. प्रत्येक गणनेत ते आधीच्या मागणीत मिळवले जातात आणि निवासी मागणी उणे २००० ते अधिक २००० या मर्यादेत साठत जाते. पावसाळ्यात भरलेला हौद झरा आटल्यावरही कितीतरी दिवस भरलेलाच दिसतो, तशी या साठलेल्या मागणीची गत असते. ती १५०० वर असताना नोकऱ्या कमी पडून बदल उणे ४८ झाला, तर पट्टा शून्यावर यायला ३१ पेक्षा जास्त गणना लागतात, आणि तेवढा सारा काळ हिरवा पट्टा रेषेच्या वर उभा राहून घरांसाठी आणखी जमीन मागत असतो. खेळाडूने ती मागणी पुरी करत राहावे आणि नोकऱ्यांचा तुटवडा आणखी वाढवावा, असा हा सापळा आहे. म्हणूनच समतोल राखण्याचे मर्म पट्टा किती उंच आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकत आहे हे पाहण्यात आहे; जमीन थोडी थोडी आखावी, ती भरू द्यावी आणि मगच पुढचा भाग आखावा.

उद्योग आणि वाणिज्य यांचे गणित निराळे आहे. कारखान्यांचा माल शहराबाहेर जातो असे गृहीत धरलेले असून त्या बाह्य बाजाराचा गुणक सोप्या पातळीवर १.२, मध्यम पातळीवर १.१ आणि कठीण पातळीवर ०.९८ आहे. शिवाय अपेक्षित उद्योग ५ एककांच्या खाली जात नाही, म्हणजे ओसाड जमिनीवरही कारखान्यांची थोडी मागणी असतेच. वाणिज्याची मागणी मात्र शहराच्या एकूण आकाराला ३.७ ने भागून काढली जाते, त्यामुळे ती शहर वाढल्यावरच वाढते. नव्या शहराने उद्योगाच्या बळावर उभे राहावे आणि बाजारपेठ मागाहून फुलावी, हा क्रम या दोन सूत्रांतून आपोआप निघतो.

तरीही पट्टा भरलेला असताना एखादी वस्ती ओस पडलेली दिसते, कारण शहरभराच्या मागणीत प्रत्येक जागेचे स्वतंत्र गुणही मिळवले जातात. निवासी जागेसाठी जमिनीच्या मूल्यातून प्रदूषण वजा केले जाते, आणि त्या जागेपासून रस्त्याने इच्छित ठिकाणी पोहोचता येत नसेल तर थेट उणे ३००० गुण मिळतात. कमाल मागणी २००० असल्याने बेरीज उणे १००० येते आणि तिथे घर उभे राहूच शकत नाही. शहर ठरावीक आकाराचे झाल्यावर स्टेडियम नसल्यास निवासी, बंदर नसल्यास औद्योगिक आणि विमानतळ नसल्यास वाणिज्य मागणी शून्याच्या वर जाऊ दिली जात नाही. वाढ अडल्यावर नवी जमीन आखण्याआधी वाहतुकीचा दुवा आणि सार्वजनिक सुविधा तपासाव्यात, हा त्याचा स्पष्ट अर्थ आहे.

फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर या कंपनीने २०१५ साली आणलेल्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या खेळात लोकसंख्या केवळ आकडा राहिली नाही, प्रत्येक नागरिकाला वय, शिक्षण आणि नोकरी मिळाली. त्यामुळे मोठा निवासी भाग एकाच वेळी आखला की त्यात साधारण सारख्याच वयाची माणसे राहायला येतात, ती एकदमच म्हातारी होतात आणि थोड्या अवधीत एकामागून एक मरण पावतात. स्मशाने आणि शववाहिका अपुऱ्या पडतात, घरे रिकामी होतात, कारखान्यांना कामगार मिळत नाहीत. खेळाडू याला मृत्यूची लाट म्हणतात. लोकसंख्येचे भवितव्य केवळ तिच्या आकाराने नव्हे तर तिच्या वयोरचनेने ठरते, हे लोकसंख्याशास्त्राचे मूलतत्त्व येथे डोळ्यांसमोर घडताना दिसते. जमीन टप्प्याटप्प्याने आखल्यास वयेही पसरतात आणि ती लाट विरते.

मात्र ही सूत्रे म्हणजे शहरांचे निसर्गनियम नव्हेत. कराच्या तक्त्यात जास्त कर म्हणजे कमी वाढ हे तत्त्व आधीच लिहून ठेवलेले आहे आणि त्याचे आकडे रचनाकाराने निवडलेले आहेत. फॉरेस्टर यांच्या प्रतिमानातून गरिबांसाठी घरे बांधल्याने शहराची स्थिती बिघडते असा निष्कर्ष निघाला, तेव्हा त्या निष्कर्षाची मुळे प्रत्यक्ष नोंदींपेक्षा गृहीतकांत आहेत, अशी टीका झाली. उपनगरांचा आणि भोवतालच्या प्रदेशाचा त्यात विचारच नव्हता. नगररचनेचे अभ्यासक डग्लस ली यांनी १९७३ साली अशा महाकाय प्रतिमानांवर केलेली चिकित्सा आजही उद्धृत केली जाते. एका जागी एकच वापर ही खेळातील कल्पनाही अमेरिकी झोनिंगची आहे. खाली दुकान, मागे कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी पुण्या-मुंबईच्या जुन्या पेठांतली घरे त्या तीन रंगांपैकी एकातही बसत नाहीत, आणि तरीही तिथे नोकरी व निवास यांचा समतोल पिढ्यान्‌पिढ्या साधला गेला.

या खेळांचे शैक्षणिक मोल त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. घरे आणि नोकऱ्या एकमेकांना ओढतात, परिणाम उशिरा दिसतो आणि उशिरा दिसणाऱ्या परिणामावर घाईने केलेली कृती शहराला हेलकावे देते, हे ज्याने खेळात अनुभवले तो खऱ्या विकास आराखड्यातील लोकसंख्येचा अंदाज अधिक जाणतेपणाने वाचू शकेल. ‘सिमसिटी’चे सूत्र खुले असल्याने त्यातील ६०० किंवा ३.७ या आकड्यांवर आक्षेप घेता येतो आणि ते बदलून पाहता येतात. ज्या आकड्यांवर लाखो नागरिकांची घरे, रोजगार आणि प्रवास अवलंबून आहेत, ते आकडे कसे काढले हे विचारण्याचा आणि तपासून पाहण्याचा अधिकार खऱ्या शहरातील नागरिकालाही तितकाच सहज मिळायला हवा.