एकटे खेळणारे आणि एकटे पडलेले

दवाखान्यात एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ताप नव्हता, खोकला नव्हता. तक्रार एकच : "डॉक्टर, हा सापशिडी एकटाच खेळतो. चारही सोंगट्या स्वतःच चालवतो, वर स्वतःशीच भांडतो. हा स्वमग्न तर नसेल?"

मला माझे चौथीचे वर्ष आठवले. काविळीमुळे महिनाभर शाळा बुडाली होती आणि शेजारची मुले फिरकत नव्हती. अंथरुणातच ल्युडोचा पट मांडून मी आजीची लाल, ताईची हिरवी अशा सोंगट्या चालवीत असे. आजी हरू लागली की फासा पुन्हा टाकला जाई! ती लबाडी खरीच. पण दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्याचा तो पहिला धडाही होता.

वाचकहो, एकट्याचा डाव म्हणजे आजार नव्हे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, घरे मोजणे, कोणी पाहत नसताना नियम पाळणे, हार सोसणे हे सारे मूल त्यात शिकते. खेळताना मुले मोठ्याने स्वतःशी बोलतात. तेच बोलणे पुढे मनात उतरून विचाराचे रूप घेते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी मांडले.

मग काळजी केव्हा करावी? मूल नावाने हाक मारूनही वळून पाहत नसेल, नजरेला नजर देत नसेल, बोलण्यात मागे असेल, सोंगट्यांच्या केवळ रांगा लावून त्या मोडताच आकांत करीत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एखाद्याच लक्षणावरून निदान होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. चारचौघांत रमणारे मूल अचानक एकटे राहू लागले, त्याची झोप वा भूक घटली, ते शाळा टाळू लागले, तर त्याच्याशी शांतपणे बोलावे. कारण एकटे खेळणे निराळे आणि एकटे पडणे निराळे.

त्या मुलाला मी विचारले, "तुझ्या डावात जिंकते कोण?"

माझ्या डोळ्यांत पाहत तो म्हणाला, "बाबा. ते रात्री उशिरा येतात ना, म्हणून त्यांचे दान मीच टाकतो."

स्वमग्नतेची शंका मला उरली नाही. चिठ्ठीवर औषध लिहिले ते बाबांसाठी : आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर, सापशिडीचा एक डाव. आपल्या घरी हे औषध कोणाला लागू पडेल, ते आपणच ठरवावे.