जुन्या मोटारसायकलीची योग्य किंमत : शब्द, खूण आणि हिशेब

वापरलेल्या वस्तूची किंमत ठरविणे हे वरवर पाहता अंकगणिताचे काम वाटते. प्रत्यक्षात त्याचा आरंभ शब्दांपासून होतो. विक्रेता वस्तूविषयी काही विधाने करतो, घेणारा त्यांपैकी काही खरी मानतो, काही मानीत नाही, आणि या मानण्या-न मानण्यातून अखेरचा आकडा निघतो. मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्यातांड्यांना शाळा, दवाखाना, बाजार आणि जिल्ह्याचे ठिकाण यांच्याशी जोडणारे घरचे वाहन म्हणजे पुष्कळदा मोटारसायकलच, आणि तीही अनेकदा दुसऱ्याने वापरलेली. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने अशा व्यवहारातील दहा हजार रुपयांची चूक म्हणजे एका हंगामाच्या बियाण्याखताला लागलेली कात्री होय. म्हणून योग्य किंमत ओळखण्याची काही शिस्तबद्ध रीत सांगता येईल काय, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

१. बैलबाजाराची रीत

या प्रदेशाला किंमत पारखण्याची विद्या नवी नाही. मुखेड तालुका लाल कंधारी गोवंशाच्या मूळ प्रदेशात येतो. शेजारच्या लातूर जिल्ह्यात देवणी वंशाची जनावरे आहेत. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा ही जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध असलेली स्थाने होत. बैल पारखणाऱ्याच्या तोंडी असलेले शब्द पाहिले, तर ते वर्णनाचे नसून मोजमापाचे आहेत असे आढळते. दुधाचे दात न पडलेला तो ‘आदत’. पुढे कायमचे दात जोडीजोडीने येतात, त्याप्रमाणे ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘सहादाती’. आणि आठही दात आले की ‘जुळलेला’. पाच वर्षांच्या सुमारास बैल जुळतो. म्हणजे ‘चारदाती’ हा शब्द विक्रेत्याने उच्चारला, तरी त्याची साक्ष बैलाच्या तोंडातच असते. जबडा उघडला की विधान खरे की खोटे ते कळते. यानंतर चालवून पाहणे, जुंपून पाहणे ही पुढची परीक्षा.

किंमत बोलण्याची जुनी रीत मात्र याच्या उलट होती. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हातात हात देऊन, बोटे दाबून आकडा कळविला जाई. दलालांच्या सांकेतिक बोलीत एक, दोन, तीन यांना ‘केवली’, ‘अवारू’, ‘उधानू’ असे वेगळेच शब्द होते. भोवती उभ्या असलेल्या लोकांना बैल दिसे, पण भाव कळत नसे. वस्तू उघडी आणि किंमत झाकलेली, असे या व्यवहाराचे स्वरूप होते.

जुन्या मोटारसायकलीच्या व्यवहारात ही मांडणी नेमकी उलटी होते. येथे किंमत मोठ्याने सांगितली जाते, परंतु वस्तू झाकलेली असते. इंजिनाच्या आत काय झाले आहे, गाडी किती हातांतून फिरली, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहणाऱ्यास दिसत नाही. तेव्हा बैलबाजारातून घ्यावयाचा धडा रुमालाखालच्या बोटांचा नव्हे, तर दातांचा आहे. विक्रेत्याच्या प्रत्येक शब्दामागे दात शोधावयाचा, हेच किंमत ठरविण्याचे पहिले सूत्र होय.

२. माहितीची विषमता

अर्थशास्त्रात या प्रश्नाची उपपत्ती जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली मांडली, आणि तीही जुन्या मोटारगाड्यांच्या उदाहरणाने. विक्रेत्यास आपल्या गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, खरेदीदारास नसतात. चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतील भेद ओळखता येत नसल्यामुळे खरेदीदार सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकावयास राजी होत नाही व बाजारातून निघून जातो. मागे राहिलेल्या गाड्यांचा सरासरी दर्जा आणखी उतरतो, आणि त्याबरोबर किंमतही. या विचाराबद्दल अकेरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या उपपत्तीचा एक निष्कर्ष सहसा दुर्लक्षिला जातो : अज्ञानामुळे केवळ घेणारा फसतो असे नव्हे, तर प्रामाणिक विक्रेत्यासही आपल्या गाडीचे खरे मोल मिळत नाही. म्हणून कसून पारख करणे म्हणजे विक्रेत्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. चांगल्या गाडीला चांगली किंमत मिळण्याचा तोच एक मार्ग आहे.

पारख कशी करावी, याविषयी अल्बर्ट रीस यांनी १९६६ साली केलेला एक भेद उपयोगी पडतो. शोध दोन प्रकारचा असतो : एक विस्ताराचा, म्हणजे अनेकांना एकच प्रश्न विचारणे, दुसरा खोलीचा, म्हणजे एकाच वस्तूविषयी अनेक प्रश्न विचारणे. नवी गाडी घेताना पहिला पुरतो, कारण सर्व नव्या गाड्या सारख्याच. जुनीच्या बाबतीत दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही. क्लिफर्ड गीर्त्झ यांनी १९७८ साली मोरोक्कोतील बाजाराचे विवेचन करताना हाच भेद वापरला आणि तेथील घासाघीस मुख्यतः खोलीच्या शोधाची असते, असे दाखविले. आपल्याकडे पुष्कळदा चार दुकाने फिरून भाव विचारले जातात, पण एकाच गाडीपुढे अर्धा तास बसण्याचा संकोच वाटतो. हा संकोच महाग पडतो.

३. विधानांचे तीन वर्ग

‘सिंगल ओनर’, ‘नांदेड पासिंग’, ‘कागद क्लिअर’, ‘इंजिन खोललेले नाही’, ‘मीटरप्रमाणेच चाललेली’, ‘घरगुती वापरातली’, ‘एक रुपयाचे काम नाही’ ही या बाजारातील नित्याची विधाने. पडताळणीच्या दृष्टीने त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कागदाने पडताळता येणाऱ्या विधानांचा. ‘पासिंग’ म्हणजे नोंदणीचे ठिकाण. एम.एच. २६ ही नांदेडची खूण, एम.एच. २४ लातूरची. कर्नाटक व तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळे के.ए. ३८ म्हणजे बीदरची किंवा निजामाबादची नोंदणी असलेली गाडीही या भागात विक्रीस येऊ शकते. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवावयाची असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ४७ प्रमाणे येथील नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर यांचा खर्च येतो. तेव्हा परराज्यातील गाडी स्वस्त दिसते, ती या खर्चाइतकी स्वस्त असावयासच हवी. मालकाचे नाव, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा यांची पडताळणी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदीवरून करता येते. खासगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीची किंमत करताना नूतनीकरण दाराशी आले आहे, याचे भान ठेवावयास हवे.

‘सिंगल ओनर’ या शब्दाचा अर्थ विशेष तपासून घ्यावा लागतो. नोंदीत एकच मालक असणे आणि गाडी एकाच हाती असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सही केलेले कोरे हस्तांतरण-अर्ज गाडीबरोबर पुढे पुढे जात राहिले, तर तीन-चार हात फिरूनही कागदावर पहिलेच नाव राहते. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ साली निर्णीत झालेल्या एका अपघात-प्रकरणात अशीच अनेक हात फिरलेली, परंतु पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेली गाडी होती; नुकसानभरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकाचेच, असा निर्णय न्यायालयाने दिला. म्हणजे नाव न बदलण्याचा धोका विकणाऱ्यासही तितकाच आहे. अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३०, आणि बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. इसार देण्यापूर्वी हे कागद प्रत्यक्ष पाहणे श्रेयस्कर.

दुसरा वर्ग खुणेने पडताळता येणाऱ्या विधानांचा. ‘इंजिन खोललेले नाही’ याची साक्ष इंजिनाच्या बोल्टांवर असते. पान्याचे ओरखडे आणि सांध्यांतून डोकावणारा चिकट लेप पुष्कळ काही सांगून जातात. गाडी गरम करून ठेवलेली नसावी. थंड इंजिन चालू करवून धूर पाहावा. निळसर धूर निघत राहिला, तर ऑइल जळत आहे, म्हणजे पिस्टन-रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम निघणार, असे समजावे. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ, चेनच्या चक्राचे वाकलेले दाते, सांगाड्यावर नवे जोडकाम, सरळ रस्त्यावर एका बाजूस ओढणारे हँडल, या प्रत्येक खुणेस दुरुस्तीचा आकडा आहे.

मीटर हा मात्र बैलाचा दात नव्हे. तो मागे फिरविता येतो. म्हणून त्याची साक्ष दुसऱ्या साक्षीदारांशी ताडून पाहावी. पाय ठेवण्याचे रबर, ब्रेकचा दांडा, बैठक यांची झीज मीटरच्या आकड्याशी जुळते काय? टायरच्या बाजूस चार अंक कोरलेले असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१७ ची आणि टायर २०१९ चा असेल, तर टायर एकदा बदलला आहे. मग मीटरवरचे थोडके किलोमीटर संशयास्पद ठरतात. सांगाड्यावरील सतरा चिन्हांच्या क्रमांकात बहुधा दहावे अक्षर निर्मितीचे वर्ष सांगते : रोमन लिपीतील ए म्हणजे २०१०, बी म्हणजे २०११ असा क्रम लागतो, त्यात अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ, क्यू ही अक्षरे गाळलेली असतात. दलालांची सांकेतिक बोली घेणाऱ्यापासून लपविण्यासाठी होती. ही सांकेतिक भाषा शिकेल त्याला खुली आहे.

तिसरा वर्ग पडताळता न येणाऱ्या विधानांचा. ‘घरगुती वापरातली’, ‘एक रुपयाचे काम नाही’ ही विधाने खोटीच असतात असे नाही. परंतु ती खरी असली तरी त्यांची साक्ष गाडीत नाही. यासाठी नियम सरळ आहे : ज्या शब्दाला खूण नाही, त्या शब्दाला पैसा नाही.

४. हिशेबाची मांडणी

किंमत कोठून मोजावयास आरंभ करावा? विक्रेता सहसा आपण दिलेल्या रकमेपासून मोजतो. हे तर्कदृष्ट्या चुकीचे आहे. मोजणीचा आरंभबिंदू म्हणजे तशीच नवी गाडी आज ज्या किमतीस मिळते ती किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा या भेदाला एकाएकी महत्त्व आले. करापूर्वीची किंमत ६२,५०० रुपये समजल्यास पूर्वी ती गाडी ८०,००० रुपयांस पडे, नंतर ७३,७५० रुपयांस. जुन्या मालकाने दिलेले ६,२५० रुपये त्याच्या दृष्टीने खरे असले, तरी नव्या खरेदीदाराच्या हिशेबात ते येत नाहीत.

यानंतर वयाची वजावट. भारतीय मोटार विमा दरपत्रकातील (२००२) घसारा येथे टेकू म्हणून घेता येतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढील मूल्य परस्परसंमतीने ठरते. वरील गाडी साडेचार वर्षांची असल्यास टेकूची किंमत ३६,८७५ रुपये येते. टायर, चेन-सेट व बॅटरी मिळून ५,००० रुपयांचे काम आहे असे धरल्यास ती सुमारे ३२,००० वर येते. विमा संपलेला असल्यास त्याचा खर्च आणखी वजा.

हा आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जिचे सुटे भाग खेड्यातही मिळतात आणि जी कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकतो, अशा गाडीला बाजार या टेकूपेक्षा अधिक देतो. त्याच मेकच्या, त्याच वर्षाच्या तीन-चार गाड्या कितीला सुटल्या हे विचारून बाजाराचा आकडा काढावा. तुलना मात्र समानांची हवी : १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानक लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली, म्हणून २०१९ आणि २०२१ च्या गाड्या एका मापाने मोजू नयेत. समजा, बाजाराचा आकडा ४२,००० निघाला. मग ३२,००० आणि ४२,००० यांमधील दहा हजार हेच वाटाघाटीचे खरे क्षेत्र. पहिल्या दोन वर्गांतील जितकी विधाने खरी ठरतील, तितका घेणाऱ्याने वर चढावा. जितकी अडखळतील, तितका विक्रेत्याने खाली यावे.

५. योग्य आणि स्वस्त

शेवटी ‘योग्य’ या शब्दाविषयी. पेरणीच्या तोंडावर पैशाची निकड असलेला माणूस गाडी पडत्या भावाने देतो; सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आल्यावर तीच गाडी चढत्या भावाने घेतली जाते. या दोन्ही किमती बाजारात घडतात, परंतु त्यांतील फरक गाडीतून आलेला नसून गरजेतून आलेला असतो. ज्याची कारणे दोन्ही पक्षांना एकमेकांसमोर मोठ्याने सांगता येतात, तो भाव योग्य. ‘टायर गेलेले आहेत म्हणून अडीच हजार कमी’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडावर म्हणता येते. ‘तू अडला आहेस म्हणून पाच हजार कमी’ हे म्हणता येत नाही. बैलबाजारात भाव रुमालाखाली होता, तरी बैल उघड्यावर उभा होता. मोटारसायकलीच्या बाजारात वस्तू तितकी उघडी करता आली, तर किंमत झाकण्याचे कारण उरणार नाही.