स्थानिक निधीची वार्षिक मागणी : नॉर्थ कॅरोलायनातील शालेय जिल्ह्यांचे उदाहरण

अमेरिकेत शाळा चालविणाऱ्या स्थानिक घटकाला 'शालेय जिल्हा' म्हणतात. बहुतेक राज्यांत त्याच्या शिक्षण मंडळाला कर बसविण्याचा अधिकार असतो; नॉर्थ कॅरोलायनात तो नाही. या राज्यातील १०० काउंट्यांत ११५ शालेय जिल्हे आहेत आणि स्थानिक पैशासाठी त्यांना दरवर्षी काउंटी आयुक्त मंडळाकडे मागणी करावी लागते. दोन्ही मंडळे लोकांनी निवडलेली असतात. मात्र खर्चाचा हिशेब एकाने मांडायचा आणि कर दुसऱ्याने वाढवायचा, अशी ही विभागणी आहे.

१९३० च्या दशकातील मंदीत राज्याने शाळा चालविण्याचा मुख्य भार स्वतःकडे घेतला. तेव्हापासून अध्यापनाचा खर्च राज्याचा आणि इमारतींचा काउंटीचा, असे तत्त्व मानले जाते. प्रत्यक्षात राज्याने मंजूर केलेली पदे पुरत नाहीत. जादा शिक्षक, परिचारिका, मदतनीस आणि शिक्षकांना मूळ पगारावर मिळणारी स्थानिक पुरवणी रक्कम यांचा बराच भाग काउंटीच्या पैशातून भागविला जातो. आपल्याकडील अनुदानित शाळांत वेतन आणि वेतनेतर अनुदान वेगवेगळे असते, तशी स्वच्छ रेषा तेथे आखता येत नाही.

कायद्याने ठरवलेले वेळापत्रक असे : अधीक्षकाने १ मेपर्यंत अंदाजपत्रक शिक्षण मंडळापुढे ठेवावे, मंडळाने १५ मेपर्यंत ते आयुक्तांकडे पाठवावे आणि आयुक्तांनी १ जुलैपर्यंत, म्हणजे नवे वित्तीय वर्ष सुरू होईपर्यंत, रक्कम ठरवावी. तयारी मात्र कितीतरी आधी, पुढील वर्षाच्या पटसंख्येच्या अंदाजापासून सुरू होते.

मागणीत दोन गोष्टी स्वतंत्र दाखवणे आवश्यक असते. आहे तेच चालू ठेवण्यास लागणारी वाढ ही पहिली आणि नव्या कामासाठीची वाढ ही दुसरी. त्या एकत्र झाल्या, की मंडळ चैनीसाठी पैसा मागत आहे असा समज होतो. वास्तविक पहिल्या प्रकारची वाढ बहुतांशी मंडळाच्या हाती नसते. राज्याने पगारवाढ जाहीर केली, की ती स्थानिक पैशातून पगार घेणाऱ्यांनाही द्यावी लागते आणि तिचा बोजा स्थानिक निधीवर पडतो.

एक काल्पनिक जिल्हा घेऊ. त्यात स्थानिक निधीवरील २०० कर्मचारी आहेत व सरासरी वार्षिक पगार ४५,००० डॉलर आहे. एकूण पगार ९० लाख डॉलर झाला. ३ टक्के वाढीचे २,७०,००० डॉलर होतात. त्यावर निवृत्तिवेतन व सामाजिक सुरक्षेचा मालकाचा वाटा सुमारे ३२ टक्के धरल्यास आणखी ८६,४०० डॉलर लागतात. बेरीज ३,५६,४०० डॉलर. एकही नवे पद निर्माण झालेले नाही, तरीही.

हिशेब येथे संपत नाही. चार्टर शाळांत जाणाऱ्या मुलांमागे स्थानिक चालू खर्च निधीचा दरडोई वाटा जिल्ह्याला त्या शाळांकडे द्यावा लागतो. दर १० मुलांपैकी एक चार्टर शाळेत असेल, तर वरील रक्कम हाती राहण्यासाठी ३,९६,००० डॉलर मागावे लागतील. अननुभवी अधिकाऱ्याकडून सुटणारी बाब बहुधा हीच असते.

आयुक्त मात्र ही रक्कम 'सेंट'मध्ये मोजतात. मालमत्ता कर दर १०० डॉलर मूल्यामागे आकारला जातो. काउंटीतील करपात्र मालमत्ता ५०० कोटी डॉलरची असेल, तर एका सेंटचे ५ लाख डॉलर मिळतात. म्हणजे वरील मागणी सुमारे ०.८ सेंटची झाली. गरीब काउंटीत त्याच रकमेसाठी दोन-तीन सेंट लागू शकतात. मागणीसोबत हा आकडा दिला, तर आयुक्तांशी त्यांच्याच भाषेत बोलणे होते.

त्याच मालमत्ता करावर सामुदायिक महाविद्यालयांचाही डोळा असतो. तेथील अध्यापनाचा खर्च मुख्यतः राज्य देते. इमारतींची देखभाल, वीज, साफसफाई यांसाठी महाविद्यालयाच्या विश्वस्तांनाही काउंटीकडेच जावे लागते. शालेय जिल्ह्याची मागणी त्यांनी वाचलेली असणे त्यांच्याच हिताचे आहे.

सर्वांत मोठी अडचण राज्याच्या अंदाजपत्रकाची. ते वेळेवर होईलच असे नाही. २०१९ मध्ये राज्यपालांच्या नकाराधिकारामुळे सर्वसमावेशक अंदाजपत्रक झालेच नाही. २०२१ चे नोव्हेंबरमध्ये झाले. मे महिन्यातील मागणी त्यामुळे अंदाजावरच उभी असते. कोणता टक्का गृहीत धरला, हे तिच्यात स्पष्ट लिहिले नाही, तर पुढे दुरुस्ती करताना मंडळाच्या शब्दाला किंमत राहत नाही. आयुक्तांना मंडळाचे सर्व हिशेब मागविण्याचा अधिकार असतो आणि शिल्लक निधी किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो.

रकमेवर मतभेद झाल्यास दोन्ही मंडळांची संयुक्त बैठक आणि नंतर मध्यस्थी होते. पूर्वी त्यापुढे न्यायालय होते. युनियन काउंटीत २०१३ मध्ये ज्यूरीने शिक्षण मंडळाला सुमारे ९ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. २०१८ च्या कायद्याने चालू खर्चाबाबतचा हा मार्ग बंद झाला. मध्यस्थी फसल्यास आता रक्कम सूत्राने ठरते आणि त्या सूत्राचा आधार आधीच्या वर्षी काउंटीच्या पैशातून प्रत्यक्ष झालेला खर्च हा असतो. खर्च न झालेला पैसा त्या आधारात येत नाही, म्हणून भीतीपोटी मागून ठेवलेली जादा रक्कम मंडळाच्या उपयोगी पडत नाही.