सायकलीचा गंज: डाग नव्हे, गेलेलं लोखंड

चतुर्थी आटोपली, माटोळी उतरली आणि पडवीच्या कोपऱ्यातली सायकल नजरेस पडली. मे महिन्यात टेकवून ठेवलेली, ती तशीच. आमचं मांद्र्यातलं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हँडल तपकिरी झालेलं, मडगार्डच्या कडेला रंगाचे फोड, आणि चेन अशी धरलेली की पेडल मारलं तरी दोन कड्या वाकलेल्याच राहत होत्या. येणारा-जाणारा उपाय सांगून गेला. रॉकेल ओत, कोला ओत, खोबरेल चोळ. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट.

‘पावसानं गंजली’ हे सगळ्यांचं पहिलं वाक्य. पण सायकलीला पावसाचा थेंबही लागला नव्हता. गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात, हे खरं. मात्र ते पाणी आभाळातूनच यायला हवं असं नाही. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर बारीक मीठ येतं आणि धातूवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळतं. जूनमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. तेच सायकलीच्या हँडलवर घडतं, आणि खारट पाण्याच्या त्या पातळ थरात गंजण्याची क्रिया झपाट्यानं चालते. म्हणून घाटावरच्या कोरड्या गावात वर्षानुवर्षं तग धरणाऱ्या सायकलीची इथं एका पावसाळ्यात दैना होते. वर प्लास्टिक गुंडाळलं असेल तर आणखी वाईट: आतली दमट हवा तिथंच कोंडते, पहाटे गार लोखंडावर तिचं दव धरतं. त्यापेक्षा उघडी, वारा लागणारी जागा बरी.

दुसरा गैरसमज मोठा आहे: गंज म्हणजे वर चढलेला मळ, घासून काढला की आतलं लोखंड जसंच्या तसं. नाही. गंज हे त्या सायकलीचंच लोखंड असतं, प्राणवायूशी आणि पाण्याशी जुळून बदललेलं. डिचोलीच्या खाणींतून निघणारा लालसर खनिज माल म्हणजे तरी काय, लोखंडाचं ऑक्साइडच. भट्टीत तापवून त्यातला प्राणवायू काढला तेव्हा पोलाद झालं. आता ते पुन्हा मूळ वळणावर निघालंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग आतून फुगतो आणि फोड येतात. त्या फोडावरच नवा रंग मारला तर वरून सगळं छान दिसतं आणि आत खाणं चालूच राहतं. आधी फोड फोडायचा, चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर लावायचा, मग रंग.

शिवाय दिसतो तेवढाच गंज, असंही नसतं. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला; काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खारट हवेनं खाल्ल्या होत्या. सायकलीत पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि क्रँक बसतो त्या सगळ्यात खालच्या जागी साचतं. सीट काढा, सायकल उलटी करा, किती तपकिरी पाणी येतं ते बघा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं फ्रेमवर टकटक करा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, किंवा टोक दाबल्यावर पत्रा आत गेला, तर ती फ्रेम गेली. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बाबतीत तर दयामाया नकोच. तो चालत्या सायकलीत तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

आता औषधं. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, पण इतकं पातळ की हलका गंज सोडला तर फार काही हाती लागत नाही. साखरेचा चिकटा तेवढा राहतो. त्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर चांगलं. नट, बोल्ट, वॉशर रात्रभर त्यात बुडवा, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा. इथंच बहुतेकांचं काम फसतं. आम्ल तसंच राहिलं तर उघडं पडलेलं लोखंड काही तासांत पुन्हा लाल होतं. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, धुवा, लगेच उन्हात वाळवा आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवा. चेन, स्प्रिंग आणि छर्रे मात्र आम्लात टाकू नका; कडक पोलाद त्यानं ठिसूळ होऊ शकतं. ॲल्युमिनियमचे भागही नकोत.

रॉकेल गंज विरघळवत नाही. ते जुनं ग्रीस आणि घाण विरघळवतं, फटीत शिरतं, म्हणून अडकलेली चेन सुटते आणि श्रेय रॉकेलला जातं. त्याच भरात ते आतलं वंगणही धुऊन नेतं. डब्ल्यूडी-४० चंही थोडंफार तसंच. १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या या फवाऱ्याच्या नावाचा अर्थच ‘पाणी हटवणारं’, चाळिसावा प्रयोग. अडकलेला नट सोडवायला उत्तम, पण फवारून झाल्यावर चेनला खरं तेल घालावंच लागतं. खोबरेल नको; ते गारठ्यात थिजतं, धूळ धरतं. आणि कुठलंही तेल रिमला लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

क्रोमच्या हँडलवर पॉलिश पेपर चालवणं म्हणजे आपल्या हातानं मुलामा काढणं. गंज क्रोमला नसतो, त्यातल्या सूक्ष्म भोकांतून खालच्या पोलादाचा गंज वर येतो. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळला की तपकिरी थर निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत. खड्डे मात्र राहतात.

माझ्या सायकलीला दोन रविवार लागले. चेन वाचली नाही: २४ कड्या १२ इंच भरायला हव्यात, त्या एका इंचाचा आठवा भाग जास्त भरल्या. ब्रेकच्या तारा तर मोजायच्याच नाहीत, गंज दिसला की नव्या घालायच्या. बाकी सायकल चालते आहे. तुम्ही तुमची किनाऱ्यावरून फिरवून आणलीत, तर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याची एक बादली तिच्यावर ओता, पुसा आणि चेनला चार थेंब तेल द्या.